१२४ च्या आकड्यात अडकलेला ‘अर्जुन’

१/ भारतीय रणगाड्यांचा विषय निघाला की एक वाक्य ठरलेले असते : ‘अर्जुन फसला, देशी रणगाडा आपल्याला जमत नाही.’ हे वाक्य इतक्या वेळा उच्चारले गेले आहे की ते तपासून पाहण्याची गरज फारशी कोणाला वाटत नाही. या धाग्याचा दावा वेगळा आहे. अर्जुनच्या आराखड्यात उणिवा होत्या, त्याच्या विकासाला झालेला विलंब अक्षम्य होता, हे सारे मान्य करूनही असे म्हणावे लागते की या रणगाड्याचा घात एका आकड्याने केला. तो आकडा म्हणजे १२४.

२/ मार्च २००० मध्ये भारतीय लष्कराने १२४ अर्जुन रणगाड्यांची मागणी नोंदवली. एका चिलखती रेजिमेंटला साधारण ४५ रणगाडे लागतात. म्हणजे १२४ रणगाड्यांत दोन रेजिमेंट उभ्या राहतात आणि प्रशिक्षण व राखीव साठ्यासाठी थोडे उरतात. झालेही तसेच : ४३ आणि ७५ या दोनच रेजिमेंटकडे अर्जुन गेला. ज्या लष्करात साठाहून अधिक चिलखती रेजिमेंट आहेत, तिथे पाव शतकाच्या परिश्रमांतून घडवलेल्या रणगाड्याला दोन रेजिमेंटची जागा मिळाली. ही मागणी होती की सांत्वन, हा प्रश्न तेव्हाच विचारायला हवा होता.

३/ भारताला रणगाड्यांचे मोठे उत्पादन अनोळखी होते असे नाही. १९६१ मध्ये ब्रिटनच्या व्हिकर्स कंपनीशी करार झाला, चेन्नईजवळ आवडी येथे अवजड वाहन निर्माणी उभी राहिली आणि १९६५ मध्ये पहिला ‘विजयंता’ बाहेर पडला. पुढच्या सुमारे दोन दशकांत सुमारे २,२०० विजयंता तयार झाले. आराखडा परकीय होता, त्याच्या इंजिनाबद्दल तक्रारी होत्या. तरीही उत्पादन थांबले नाही. सुटे भाग टप्प्याटप्प्याने देशात होऊ लागले, कामगारांची एक पिढी तयार झाली. आवडीला रणगाडा बांधणे शिकवले ते या सलग, मोठ्या मागणीने.

४/ मागणीचा आकार एवढा निर्णायक का ठरतो? रणगाडा एका कारखान्यात ‘तयार’ होत नाही, तिथे त्याची जोडणी होते. अर्जुनची १२० मिलिमीटरची तोफ पुण्याच्या आयुध संशोधन संस्थेने विकसित केली. ‘कांचन’ हे चिलखत हैदराबादच्या धातुशास्त्र प्रयोगशाळेतून आले. दृष्टियंत्रणेचे काम डेहराडूनला झाले. रणगाड्याचा मूळ आराखडा आवडीच्या संशोधन संस्थेचा. या मोठ्या नावांच्या मागे शेकडो लहान पुरवठादार असतात : रबरी सील, बेअरिंग, वायरिंग, पट्ट्यांच्या कड्या, झडपा. यांतला एकही भाग अडला तर सत्तावन्न-अठ्ठावन्न टनांचे यंत्र जागचे हलत नाही.

५/ आता त्या लहान पुरवठादाराच्या जागी उभे राहून पाहावे. भोसरी किंवा अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीत त्याचे छोटे वर्कशॉप आहे. रणगाड्याच्या एका भागासाठी त्याला नवे साचे, नवी जिग-फिक्स्चर, विशिष्ट दर्जाचे पोलाद आणि लष्करी गुणवत्ता तपासणीची व्यवस्था उभी करावी लागते. मागणी १२४ नगांची. तीही अनेक वर्षांत विखुरलेली. त्यानंतर पुढे काय, याचे उत्तर कोणाकडेच नाही. असा माणूस एक तर हे काम नाकारतो, किंवा सारा भांडवली खर्च त्या १२४ नगांवरच वसूल करतो. दोन्ही वाटांनी रणगाडा महाग होतो. मागणी दोन हजारांची असेल तर तोच माणूस बँकेकडे कर्ज मागायला जातो.

६/ हाच हिशेब मोठ्या पातळीवर मांडता येतो. अर्जुनच्या विकासावर सुमारे ३०५ कोटी रुपये खर्च झाले. ते १२४ रणगाड्यांवर वाटले तर प्रत्येकाच्या वाट्याला जवळजवळ अडीच कोटी येतात. हजार रणगाड्यांवर वाटले तर तीस लाख. रणगाडा तोच, संशोधक तेच, खर्चही तोच. बदलला तो फक्त भाजक. उत्पादनाची यंत्रसामग्री, साचे, चाचणी मैदाने, कामगारांचे प्रशिक्षण या प्रत्येक स्थिर खर्चाला हाच नियम लागू पडतो. भाजक लहान ठेवायचा आणि भागाकार मोठा आला म्हणून ओरडायचे, हा गणिताशी केलेला अप्रामाणिकपणा आहे.

७/ पैशाइतकीच महत्त्वाची गोष्ट म्हणजे हाताला येणारे वळण. १९३६ मध्ये अमेरिकन अभियंता थिओडोर राइट याने विमाननिर्मितीचा अभ्यास करून दाखवले की एकूण उत्पादन दरवेळी दुप्पट झाले की एका विमानामागे लागणारे श्रम साधारण ८० टक्क्यांवर येतात. हा नियम रणगाड्यांना जसाच्या तसा लावता येणार नाही, पण त्याची दिशा स्पष्ट आहे. १२४ ची दुप्पट २४८, तिची दुप्पट ४९६, तिची ९९२. या तीन दुपटींनंतर श्रम जवळजवळ निम्म्यावर येतात. अर्जुनला यातली पहिली दुप्पटही वेळेवर मिळाली नाही.

८/ इतिहासातला सर्वांत ठळक पुरावा सोव्हिएत ‘टी-३४’ चा. १९४१ च्या शरद ऋतूत खारकोवचा कारखाना उचलून उरल पर्वतापलीकडे निझ्नी तागिलला नेण्यात आला. कामगारांमध्ये स्त्रिया आणि किशोरवयीन मुले मोठ्या संख्येने होती. तरीही १९४१ मध्ये सुमारे २ लाख ६९ हजार रुबल पडणारा टी-३४ हा १९४३ पर्यंत सुमारे १ लाख ३५ हजारांवर आला. येव्हगेनी पॅटन यांच्या स्वयंचलित वेल्डिंगने चिलखती सांगाड्याचे काम झपाट्याने होऊ लागले. असे यंत्र बसवणे परवडले, कारण रणगाडे हजारोंच्या संख्येने हवे होते. शंभर सांगाड्यांसाठी असा खटाटोप कोणी केला नसता.

९/ इथे एक गोष्ट आवर्जून लक्षात घ्यावी. सुरुवातीचा टी-३४ निर्दोष मुळीच नव्हता. त्याचा गिअरबॉक्स कुप्रसिद्ध होता, टरेटमध्ये दोघांचीच जागा असल्याने कमांडरलाच तोफही चालवावी लागे, काही गाड्यांत रेडिओ नव्हता. सोव्हिएत सेनेने यावर ‘रणगाडा फसला’ असा शेरा मारून फाइल बंद केली नाही. उत्पादन चालू ठेवले आणि उत्पादन चालू असतानाच सुधारणा केल्या. १९४४ मध्ये तीन माणसांच्या टरेटचा आणि ८५ मिलिमीटर तोफेचा टी-३४-८५ आघाडीवर पोहोचला. चालू कारखान्यातच दोष दुरुस्त होतात. बंद कारखान्यात ते फक्त अहवालात नोंदवले जातात.

१०/ दुसरे उदाहरण अमेरिकेचे. ऑगस्ट १९४० मध्ये क्रायस्लर या मोटार कंपनीला १,००० रणगाड्यांचे कंत्राट मिळाले. तेव्हा कंपनीने आयुष्यात एकही रणगाडा बनवला नव्हता आणि ज्या कारखान्यात ते बनायचे, त्याच्या जागी मिशिगनमधील शेतजमीन होती. करारानंतर काही दिवसांतच ठरलेला नमुना कालबाह्य ठरला आणि त्याऐवजी ‘एम-३’ बनवायचे ठरले. हजारांचा आकडा मात्र तसाच राहिला. एप्रिल १९४१ मध्ये पहिला एम-३ दाखवण्यात आला. युद्धकाळात त्या एका डेट्रॉइट कारखान्यातून २२ हजारांहून अधिक रणगाडे बाहेर पडले.

११/ या घटनाक्रमाकडे नीट पाहावे. आधी मोठी मागणी, मग इमारत, मग यंत्रे, मग रणगाडा. नमुना बदलला तरी मागणी टिकली, कारण सरकारला एका विशिष्ट रणगाड्याइतकीच रणगाडे बनवण्याची क्षमताही विकत घ्यायची होती. भारतात नेमका उलटा क्रम राहिला. आधी निर्दोष रणगाडा सिद्ध करा, मग थोडी मागणी देऊ, मग पाहू. ‘युद्धकाळाची तुलना शांतताकाळाशी कशी करता?’ असा आक्षेप इथे येईल. तो अर्धाच खरा आहे. वेग युद्धाचा होता. खर्च वाटला जाण्याचा आणि हात सरावण्याचा नियम दोन्ही काळांत सारखाच लागू पडतो.

१२/ आता अर्जुनच्या बाजूने बोलणाऱ्यांनीही काही कडू घोट घ्यावेत. लष्कराने १९७२ मध्ये अपेक्षा मांडल्या, मे १९७४ मध्ये साडेपंधरा कोटींची मंजुरी मिळाली आणि पहिले पाच उत्पादित रणगाडे लष्कराच्या हाती पडले ऑगस्ट २००४ मध्ये. तीस वर्षे! देशी इंजिनाचे आश्वासन पुरे झाले नाही आणि जर्मनीचे १,४०० अश्वशक्तीचे एमटीयू इंजिन आणावे लागले. चाचण्यांत निलंबनप्रणाली आणि अग्निनियंत्रणाचे दोष वारंवार निघाले. संशोधन संस्थेने अनेकदा काम होण्याआधीच यश जाहीर केले. वाट पाहून थकलेल्या सैनिकाच्या मनात अविश्वास निर्माण झाला असेल, तर त्याचा दोष सैनिकाकडे जात नाही.

१३/ पण विलंबाचे सारे खापर प्रयोगशाळेवर फोडणेही न्याय्य नाही. मूळ कल्पनेतला रणगाडा बराच हलका होता. पुढे शेजारी देशांकडे नवे रणगाडे आले, पाश्चात्त्य देशांत लेपर्ड-२ आणि एब्रॅम्स आले, तशा लष्कराच्या अपेक्षाही वाढत गेल्या : अधिक मोठी तोफ, अधिक चिलखत, अधिक चांगली दृष्टियंत्रणा. वजन ५८ टनांच्या पुढे गेले ते या वाढत्या मागण्यांचे ओझे घेऊनच. प्रत्येक बदल स्वतंत्रपणे रास्त होता. सर्वांची बेरीज मात्र न संपणारा प्रकल्प ठरली. लवकर आणि मोठी पहिली मागणी नोंदवली असती, तर ‘इथे थांबा, आता हे बनवा’ असे म्हणणे दोन्ही बाजूंना भाग पडले असते.

१४/ फेब्रुवारी २००१ मध्ये रशियाकडून ३१० ‘टी-९०’ घेण्याचा करार झाला. त्यामागचे कारण पोकळ नव्हते. पाकिस्तानने युक्रेनकडून ३२० टी-८०यूडी घेतले होते, कारगिलचे युद्ध नुकतेच होऊन गेले होते आणि अर्जुनचे उत्पादन सुरूही झाले नव्हते. तातडीची गरज भागवण्यासाठी केलेली ती खरेदी समजण्याजोगी आहे. प्रश्न त्यानंतरचा आहे. २००६ मध्ये आणखी १,००० टी-९० परवान्याखाली आवडीत बांधण्याचे ठरले, २००७ मध्ये ३४७ ची वेगळी खरेदी झाली आणि २०१९ मध्ये ४६४ ची भर पडली. तातडीचे निमित्त संपले, तरी मोठ्या आकड्यांचा ओघ एकाच दिशेने वाहत राहिला.

१५/ टी-९० काय निर्दोष आला होता? राजस्थानच्या उन्हात त्याच्या थर्मल दृष्टियंत्रणा तापून बिघडत होत्या. तोफेची नळी आणि चिलखत यांचे तंत्रज्ञान रशियाकडून मिळण्यात अडथळे आले आणि देशी उत्पादन रखडले. कॅगच्या अहवालातही याची नोंद झाली. पहिला आवडी-निर्मित ‘भीष्म’ बाहेर पडायला ऑगस्ट २००९ उजाडले. तरीही कोणी ‘टी-९० फसला’ म्हटले नाही. हजाराची बांधीलकी झाली होती. म्हणून दोष शोधले गेले, पर्याय काढले गेले, देशी नळी आणि देशी चिलखत विकसित झाले. मोठी मागणी अशी सहनशीलता विकत घेते. ती सहनशीलता अर्जुनच्या वाट्याला कधीच आली नाही.

१६/ मार्च २०१० मध्ये राजस्थानात अर्जुन आणि टी-९० यांची तुलनात्मक चाचणी झाली. तिचा निकाल अधिकृतपणे प्रसिद्ध झाला नाही. मात्र अर्जुनने टी-९० ची बरोबरी केली, काही बाबतींत सरसही ठरला, अशी वृत्ते सर्वत्र आली. त्याच वर्षी मे महिन्यात संरक्षण मंत्रालयाने आणखी १२४ अर्जुन घेण्याचे ठरवले. मग नव्या सुधारणांची यादी आली, पुन्हा चाचण्या झाल्या, आकडा ११८ वर आला. फेब्रुवारी २०२१ मध्ये चेन्नईत ‘अर्जुन मार्क-१ए’ लष्करप्रमुखांकडे समारंभपूर्वक सोपवला गेला आणि ११८ ची प्रत्यक्ष मागणी नोंदवली गेली ती सप्टेंबर २०२१ मध्ये. चाचणीपासून मागणीपर्यंत अकरा वर्षे गेली.

१७/ या अकरा वर्षांत कारखान्यात काय होते? पहिल्या १२४ चे काम संपते, नवे काम येत नाही. चिलखती पोलादाला जोड देणारा कसलेला वेल्डर दुसऱ्या विभागात जातो किंवा निवृत्त होतो. पुरवठादार यंत्र दुसऱ्या कामाला लावतो. परदेशी कंपनी सुट्या भागांची निर्मिती बंद करते, कारण वर्षाला मूठभर नगांसाठी तिला ती परवडत नाही. २०१५ च्या सुमारास सुट्या भागांअभावी अर्जुनच्या ताफ्याचा मोठा भाग उभा राहिल्याच्या बातम्या आल्या. तेव्हा लोक म्हणाले, ‘पाहा, अर्जुन चालत नाही.’ ताफा चालत नव्हता, कारण तो दुर्लक्षण्याइतका लहान ठेवला गेला होता.

१८/ इंजिनाची कथा याहून बोलकी आहे. २०२१ ची मागणी नोंदवल्यावर जर्मनीकडे इंजिने मागितली गेली. तेव्हा त्या जुन्या इंजिनाचे उत्पादन पुन्हा सुरू करायलाच काही वर्षे लागतील, असे पुढे आले. मग देशी १,५०० अश्वशक्तीच्या इंजिनाकडे पुन्हा वळावे लागले. २००० साली पाचशे रणगाड्यांची मागणी असती, तर राखीव आणि बदली धरून हजाराच्या घरात इंजिने लागली असती. त्या आकड्यावर परवाना मागता आला असता, देशी इंजिनाला खात्रीचे गिऱ्हाईक मिळाले असते. १२४ साठी कोणी तंत्रज्ञान देत नाही, आणि कोणी ते जिद्दीने विकसितही करत नाही.

१९/ ‘अर्जुन दुप्पट महाग आहे’ हा आवडता मुद्दा. २०२१ चे कंत्राट ७,५२३ कोटींचे, म्हणजे रणगाड्यामागे सुमारे ६४ कोटी. ४६४ टी-९० चा आकडा सुमारे १३,४०० कोटी, म्हणजे रणगाड्यामागे सुमारे २९ कोटी. आकडे बरोबर आहेत, तुलना मात्र फसवी. एक रणगाडा ६८ टनांचा, दुसरा पन्नाशीच्या आतला. एकात ७२ लहानमोठ्या सुधारणा पहिल्यांदाच बसवायच्या होत्या. एकाची साखळी दशकभर खंडित होती, दुसऱ्याची त्याच आवडीत वर्षानुवर्षे चालू होती. दोघांच्या किमतीतला फरक हा काही अंशी यंत्राचा आहे. उरलेला फरक आपल्याच धरसोडीचे बिल आहे.

२०/ सर्वांत गंभीर आक्षेप वजनाचा. पंजाब आणि जम्मूच्या आघाडीवर कालवे आहेत, ओढे आहेत, पूल आहेत. ६८ टनांचे यंत्र तिथे अडते, रेल्वेने हलवणेही कठीण होते. हा आक्षेप खराच आहे आणि तो टाळू नये. पण मग त्यातून निघणारा निष्कर्षही प्रामाणिकपणे स्वीकारावा. रणगाडा आपल्या भूमीला अयोग्य असेल, तर एकही घेऊ नये. राजस्थानच्या वाळवंटासाठी योग्य असेल, तर त्या आघाडीला पुरतील एवढे घ्यावेत. ११८ हे यांपैकी कशाचेच उत्तर नाही. तो आकडा टीकाकारांना गप्प करण्यासाठी पुरेसा आणि उद्योग जगवण्यासाठी अपुरा आहे.

२१/ ‘निम्मे भाग परदेशी असतील, तर तो देशी कसला?’ याचे उत्तर दक्षिण कोरियाने दिले आहे. त्यांचा पहिला रणगाडा ‘के-१’ अमेरिकन मदतीने आखलेला होता. पण के-१ आणि त्याची सुधारित आवृत्ती मिळून सुमारे १,५०० बांधले गेले. त्या पायावर ‘के-२’ उभा राहिला. के-२ चे देशी इंजिन वेळेवर झाले नाही, म्हणून पहिल्या १०० गाड्यांत जर्मन इंजिन बसवले. पुढच्या टप्प्यात इंजिन कोरियन, गिअरबॉक्स मात्र जर्मन. उत्पादन चालू राहिले आणि परावलंबन टप्प्याटप्प्याने घटले. २०२२ मध्ये पोलंडने १८० के-२ मागवले, २०२५ मध्ये आणखी १८०. चालू साखळी नसती, तर ते गिऱ्हाईक कोरियाच्या दारी आले नसते.

२२/ याउलट ब्रिटन. रणगाडा ज्या देशाने १९१६ मध्ये सोमच्या रणांगणावर प्रथम उतरवला, त्या देशाने ‘चॅलेंजर-२’ साठी आधी १२७ आणि मग २५९ अशी मागणी दिली. ओमानने ३८ घेतले. २००२ मध्ये उत्पादन थांबले आणि पुढची मागणी आलीच नाही. लीड्सचा कारखाना १९९९ मध्ये बंद झाला होता. न्यूकॅसलचा प्रसिद्ध कारखानाही पुढे बंद झाला. आज ब्रिटन नवे रणगाडे बांधत नाही; १४८ जुन्या चॅलेंजरना जर्मन तोफ बसवून त्यांचे नूतनीकरण चालले आहे. विजयंताचा आराखडा ज्या व्हिकर्सकडून भारताने घेतला, त्याच व्हिकर्सच्या वारशाची ही अखेर आहे.

२३/ फ्रान्सची गोष्ट वेगळी नाही. ‘लेक्लेर’ उत्कृष्ट मानला जातो. पण मूळ योजनेतले १,४०० घटून ४०६ उरले, संयुक्त अरब अमिरातीच्या ३८८ नी काही काळ आधार दिला, मग साखळी थांबली. जपानने तिसरी वाट धरली : ‘टाइप-९०’ चे ३४१ रणगाडे जवळजवळ वीस वर्षांत, दरसाल थोडे थोडे. किंमत जबर पडली, पण साखळी तुटली नाही आणि त्यानंतरचा ‘टाइप-१०’ वेळेवर आला. म्हणजे आकडा मोठा हवाच. तो शक्य नसेल तर निदान अखंड हवा. भारताने अर्जुनला लहान आणि खंडित अशी दोन्ही दुःखे एकत्र दिली.

२४/ ‘कारखाना जगवण्यासाठी सैनिकाला कमअस्सल रणगाड्यात बसवायचे काय?’ हा प्रश्न भावनेने टाळण्याजोगा नाही. त्याचे उत्तर स्पष्ट नकार हेच आहे. मोठी मागणी म्हणजे कोरा धनादेश नव्हे. एकूण पाचशेची बांधीलकी जाहीर करावी, ती शंभर-शंभरच्या टप्प्यांत विभागावी, प्रत्येक टप्प्याला कठोर चाचणी असावी, आधीच्या टप्प्यातले दोष पुढच्यात दुरुस्त झालेच पाहिजेत, नाहीतर दंड. अशाने सैनिकाला दरवेळी अधिक चांगले यंत्र मिळते आणि कारखान्याला उद्याची खात्री मिळते. लहान मागणीने सैनिकाचे रक्षण होत नाही. त्याला सुट्या भागांविना उभा असलेला रणगाडा मिळतो.

२५/ हा केवळ गतकाळाचा हिशेब नाही. जुलै २०२४ मध्ये हजिरा येथे ‘जोरावर’ हा २५ टनांचा हलका रणगाडा दाखवण्यात आला. लष्कराची गरज ३५४ ची सांगितली जाते. सुरुवात ५९ पासून. जर्मन इंजिन वेळेवर मिळेना म्हणून इथेही दुसरे इंजिन निवडावे लागले. त्याच हजिऱ्यात ‘के-९ वज्र’ तोफांची १०० ची मागणी २०२१ च्या सुरुवातीस मुदतीआधी पुरी झाली होती. पुढच्या १०० चा करार मात्र डिसेंबर २०२४ मध्ये झाला. वेळेआधी काम करणाऱ्या कारखान्याला जवळजवळ चार वर्षांच्या प्रतीक्षेचे बक्षीस मिळाले. सवय जुनीच आहे, फक्त गाव बदलले.

२६/ आणि सर्वांत मोठा आकडा अजून यायचा आहे. जुन्या टी-७२ च्या जागी नव्या पिढीचे सुमारे १,७७० रणगाडे घेण्याच्या योजनेला सप्टेंबर २०२४ मध्ये प्राथमिक मान्यता मिळाली. देशी आराखड्याला प्रथमच हजारांत मोजण्याजोगी संधी दिसते आहे. पण मान्यता म्हणजे मागणी नव्हे, हे २०१० च्या मे महिन्याने शिकवले आहे. हा आकडा वाटाघाटींत दोन-दोनशेच्या तुकड्यांत चिरला गेला, मध्ये ‘तातडीची’ परदेशी खरेदी घुसली, अपेक्षा दर दोन वर्षांनी बदलल्या, तर अर्जुनची गोष्ट वेगळ्या नावाने पुन्हा सांगावी लागेल.

२७/ म्हणून इतिहासाच्या अभ्यासकांनी पुढच्या वेळी नव्या रणगाड्याचे छायाचित्र झळकले की तोफेचा व्यास आणि इंजिनाची अश्वशक्ती यांच्यापुढे जाऊन चार प्रश्न विचारावेत. एकूण किती रणगाडे घेणार, हे लेखी ठरले आहे काय? दरवर्षी किती बाहेर पडणार? शेवटचा रणगाडा बाहेर पडण्याआधी पुढची मागणी नोंदवली जाणार काय? आणि इंजिनाच्या परवान्याचा किंवा देशी पर्यायाचा निर्णय कोणत्या आकड्यावर बेतला आहे? या प्रश्नांना उत्तरे नसतील, तर समारंभातला तो रणगाडा कितीही देखणा असो, त्याचा हिशेब १२४ पाशीच येऊन थांबण्याची भीती आहे.